गुपित छापून द्यायचं की जपायचं? रंगमंचावरच्या नजरबंदीमागची यंत्रं आणि त्यांची पेटंट

पेटंट म्हणजे सरकारशी केलेला सौदा. शोधकाने आपली युक्ती इतकी उलगडून लिहायची, की त्या विषयातल्या जाणकाराला नुसता तो कागद वाचून तीच वस्तू बनवता यावी. त्या बदल्यात ठरावीक काळ, आज बहुतेक देशांत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, ती वस्तू दुसऱ्या कोणालाही बनवू, वापरू किंवा विकू न देण्याचा हक्क त्याला मिळतो. पंप किंवा गिअरच्या बाबतीत हा सौदा सरळ आहे. जादूगाराचं तसं नसतं. त्याचा प्रयोग चालतो तोच मुळी प्रेक्षकाला ‘हे कसं केलं’ ते माहीत नसल्यामुळे. आणि पेटंटचा कागद कोणालाही मागून वाचता येतो.

तरीही गेल्या दीडशेहून जास्त वर्षांत भुतांची, गायब होणाऱ्या माणसांची, उडण्याची, करवतीने कापण्याची पेटंट घेतली गेली. काहींना त्यातून चांगला फायदा झाला. काहींच्या हातून गुपितही गेलं आणि हक्कही. हा फरक कुठे पडतो, ते एकेक यंत्र उघडून पाहिलं की नीट कळतं. इथे ज्या रचना सांगितल्या आहेत त्या पेटंटच्या कागदांतून आणि जुन्या छापील वर्णनांतून केव्हाच जाहीर झालेल्या आहेत.

काचेतलं भूत

रात्री दिवा लावलेल्या खोलीच्या खिडकीतून बाहेर पाहिलं, तर बाहेरच्या अंधारात आपलाच चेहरा तरंगताना दिसतो. काच बहुतेक उजेड आरपार जाऊ देते, थोडासा परतवते. पलीकडे अंधार असेल तर तो थोडासाही पुरतो. रंगमंचावरचं सगळ्यात गाजलेलं भूत एवढ्याच तत्त्वावर उभं आहे.

हेन्री डर्क्स या इंग्रज अभियंत्याने ही कल्पना १८५८ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या लीड्स इथल्या अधिवेशनात मांडली. कल्पना चोख होती, पण तिच्यासाठी नाट्यगृहच वेगळ्या पद्धतीने बांधावं लागलं असतं. तेवढा खर्च करायला कोण तयार होणार? लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशनमधल्या जॉन हेन्री पेपर यांनी त्यातून वाट काढली. त्यांनी काच प्रेक्षकांच्या दिशेने पुढे झुकवली आणि भुताचं काम करणाऱ्या नटाला रंगमंचाच्या पुढच्या खड्ड्यात, प्रेक्षकांच्या नजरेखाली उतरवलं. आता कुठलंही नेहमीचं नाट्यगृह चालणार होतं. २४ डिसेंबर १८६२ ला डिकन्सच्या एका कथेतल्या प्रसंगासाठी हे भूत पहिल्यांदा लोकांसमोर आलं आणि ५ फेब्रुवारी १८६३ ला दोघांच्या नावाने पेटंटचा अर्ज दाखल झाला.

या रचनेतली भूमिती समजली की पुढचं बरंच काही सोपं जातं. सपाट काचेतलं प्रतिबिंब, वस्तू काचेपुढे जितकी दूर असेल तितकंच काचेमागे दिसतं. म्हणजे रंगमंचावरचा नट काचेमागे तीन मीटरवर उभा असेल आणि भुताने त्याच्या शेजारी दिसायचं असेल, तर खड्ड्यातला नटही काचेपासून तीनच मीटरवर हवा. अंतर चुकलं तर समोर मधोमध बसलेल्याला फारसं खटकत नाही. पण कडेच्या खुर्च्यांवरून तलवार भुताच्या अंगातून न जाता बाजूने जाताना दिसते.

दुसरा हिशेब झुकावाचा. काच उभ्या रेषेपासून जितके अंश झुकवाल, त्याच्या दुप्पट नटाला झुकावं लागतं. काच २० अंश झुकलेली असेल, तर भूत सरळ उभं दिसण्यासाठी खड्ड्यातल्या नटाने ४० अंश मागे रेलायला हवं. त्यासाठी काळ्या मखमलीने मढवलेली उतरती फळी लागते. तिला पाठ टेकून तो काम करतो. मखमल अशासाठी, की तिच्यावरून उजेड जवळजवळ परतत नाही. फळी उजळली तर भुतामागे फळीचंही भूत दिसतं.

तिसरा हिशेब उजेडाचा. प्रयोग सगळ्यात जास्त इथेच फसतो. ४५ अंशांत पडलेल्या उजेडापैकी साध्या काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून सुमारे दहावा हिस्साच परततो. म्हणजे भूत रंगमंचावरच्या नटाइतकं उजळ दिसायचं असेल, तर खड्ड्यातल्या नटावर दहापट उजेड हवा. पेपर यांच्या काळात तो चुनकळीचा गोळा ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीत तापवून मिळवत. वरचा रंगमंच मंद ठेवायचा, खालचा दिवा हळूहळू वाढवायचा, की भूत हवेतून आकार घेतं. दिवा उतरवला की विरून जातं. रंगमंचाचा उजेड जरा वाढला तर भूत धुरकट होतं, आणि खालच्या दिव्याची एखादी तिरीप थेट काचेवर पडली तर अख्खी काच लखलखते.

याशिवाय बारीकसारीक अडचणी पुष्कळ. प्रतिबिंबात डावं-उजवं उलटतं, म्हणून भुताने उजव्या हाताने वार करायचा तर नटाने तलवार डाव्या हातात धरायची. रंगमंचावरच्या नटाला भूत दिसतच नाही, कारण तो काचेच्या पलीकडे आहे. त्याला जमिनीवरच्या खुणा पाहून हवेत वार करावे लागतात. काच आवाज अडवते, त्यामुळे या भुताकडून लांबलचक संवादांची अपेक्षा ठेवता येत नाही. आणि काचेला दोन पृष्ठभाग असल्याने प्रतिबिंबंही दोन पडतात. ४५ अंशांत पाहिलं तर ती काचेच्या जाडीच्या साधारण तीन-चतुर्थांश अंतराने सरकलेली असतात. १० मिलिमीटरची काच असेल तर साडेसात मिलिमीटर. मागच्या रांगेतून ते कळत नाही, पुढच्या रांगेतून भुताला दुहेरी कड दिसते. मग पातळ काच का घेऊ नये? काच दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो भरते. ४ बाय ३ मीटरची १० मिलिमीटर काच ३०० किलोची होते. तेवढ्या आकाराची काच त्याहून पातळ घेतली तर ती वाकते, आणि वाकलेल्या काचेत भूतही वाकडं दिसतं.

आता पेटंटकडे येऊ. लंडनच्या म्युझिक हॉलवाल्यांनी हरकत घेतली, तरी पेटंट टिकलं आणि पेपर यांना नाट्यगृहांकडून परवान्याचे पैसे मिळू लागले. डर्क्स यांनी पैशांवरचा हक्क सोडला होता, पण श्रेय सोडलं नव्हतं. सगळं जग त्याला ‘पेपरचं भूत’ म्हणू लागलं तेव्हा त्यांनी १८६३ मध्येच स्वतःची बाजू मांडणारं पुस्तक छापलं. फ्रान्समध्ये मात्र पेपर यांची डाळ शिजली नाही. तिथे पिअर सेगँ यांनी १८५२ मध्येच असंच पारदर्शक काचेतलं प्रतिबिंब वापरणाऱ्या एका खेळण्याचं पेटंट घेतलेलं होतं. पेटंट देशापुरतं असतं, आणि तुमच्या आधी कोणी तीच कल्पना कागदावर आणली असेल तर ती खेळण्यासाठी होती की नाटकासाठी, याने फारसा फरक पडत नाही.

हे पेटंट लाभलं, कारण तत्त्व कळल्यावरही भूत पाहायला मजा येते. काच आहे हे ठाऊक असलेला प्रेक्षकही दचकतो. शिवाय ते उभं करायला माणसं, दिवे, खड्डा आणि मोठी काच लागते. नाट्यगृह चालवणाऱ्याला चोरीपेक्षा परवाना परवडतो.

हीच रचना आज मोठ्या सोहळ्यांत ‘होलोग्राम’ या नावाने दाखवतात. २०१२ च्या अमेरिकेतल्या कोचेला संगीत महोत्सवात दिवंगत रॅपर टुपाक शकूर गाताना दिसला, तो होलोग्राम नव्हताच. ते पेपरचंच भूत होतं. काचेच्या जागी चौकटीत ताणून बसवलेली पारदर्शक फिल्म आली आणि नटाच्या जागी व्हिडिओ. फिल्म मायक्रॉनमध्ये मोजण्याइतकी पातळ असल्याने दुहेरी कडेचा प्रश्न उरत नाही, वजनाचाही नाही. ती ४५ अंशांत बसवतात, म्हणून दुपटीच्या नियमाने प्रतिमा जमिनीवर ९० अंशांत, म्हणजे पूर्ण आडवी ठेवावी लागते. पडदा जमिनीवर सपाट, प्रतिमेचं डोकं प्रेक्षकांकडे. या पद्धतीत नवीन पेटंट निघाली ती मुख्यतः फिल्म ताणायच्या आणि चौकटीत पकडायच्या रीतींवर, आणि ते योग्यच आहे, कारण खरी अडचण तिथे आहे. ताण कुठे कमी पडला तर सुरकुती येते, एसीच्या झोताने फिल्म थरथरते आणि गाणारा माणूस पाण्यातल्या सावलीसारखा हलतो. गॅलरीतल्या लोकांना जमिनीवरचा पडदा थेट दिसू नये म्हणून पुढे आडोसाही उभारावा लागतो.

४५ अंशांतले आरसे

पेपर यांच्याबरोबर काम करणारे थॉमस विल्यम टोबिन हे या सगळ्या इतिहासातलं फार हुशार डोकं. १८६५ मध्ये दोघांनी मिळून एक कपाट आणलं. माणूस आत जातो, दार लागतं, उघडतं, कपाट रिकामं. पुन्हा लावून उघडलं की माणूस हजर. त्याचंही पेटंट घेतलं गेलं.

कपाटाच्या मागच्या दोन कोपऱ्यांत बिजागरीवर एकेक आरसा असतो. एरवी दोन्ही आरसे बाजूच्या भिंतींना चिकटून असतात आणि त्यांच्या पाठीवर भिंतीचाच कागद लावलेला असतो, म्हणून ते दिसत नाहीत. आतला माणूस ते ओढून कपाटाच्या मधल्या खांबाशी मिळवतो आणि त्यांच्या मागच्या त्रिकोणी पोकळीत उभा राहतो. आता प्रेक्षकाला आरशात बाजूची भिंत दिसते, पण आरसा कोपऱ्यातून ४५ अंशांत निघत असल्याने त्या भिंतीचं प्रतिबिंब नेमकं मागच्या भिंतीच्या जागी पडतं. रिकाम्या कपाटाची मागची भिंत म्हणून प्रेक्षक जी पाहतो, ती खरं तर बाजूची भिंत असते.

मापं घालून पाहू. कपाट १२० सेंटीमीटर रुंद असेल, तर खांब मागच्या भिंतीपासून ६० सेंटीमीटर पुढे येतो आणि प्रत्येक आरसा सुमारे ८५ सेंटीमीटर रुंद होतो. तो दुमडून बाजूच्या भिंतीवर बसायचा तर कपाटाची खोलीही ८५ पेक्षा जास्तच हवी. लपणाऱ्यासाठी १२० पाया आणि ६० उंचीचा त्रिकोण मिळतो; सडपातळ माणूस आरामात मावतो, घेरदार पोशाख मावत नाही.

खांब शोभेचा नाही. दोन आरशांच्या कडा जिथे भेटतात ती उभी रेघ झाकायचं काम तो करतो. खांब नसेल तर ती रेघ पहिल्या रांगेलाही दिसते. दुसरी नाजूक गोष्ट कोनाची. आरसा एक अंश चुकला तर प्रतिबिंब दोन अंश फिरतं. म्हणून बिजागरीला ढिलाई चालत नाही आणि आरसा थांबायच्या जागी पक्का अडसर लागतो. कपाटाच्या आत आडव्या पट्ट्यांचा कागद लावायचा मोह टाळावा. आरसा उभ्यात किंचितही कलला तर पट्ट्या तुटलेल्या दिसतात. बारीक, विखुरलेली नक्षी चुका पोटात घालते.

त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये कर्नल स्टोडेर या नावाने प्रयोग करणाऱ्या जादूगाराने टोबिन यांचाच ‘स्फिंक्स’ दाखवला. तीन पायांच्या टेबलावर पेटी, पेटीत बोलणारं मुंडकं, आणि टेबलाखाली मोकळी जागा. ती मोकळी नव्हतीच. पुढच्या पायापासून मागच्या दोन पायांपर्यंत दोन आरसे होते आणि त्यांत बाजूचे पडदे दिसत होते, जे मागच्या पडद्यासारखेच होते. इथे बाजूचा पडदा आरशापासून मागच्या पडद्याइतक्याच अंतरावर लागतो, रंग एक लागतो, आणि उजेडही सारखा लागतो. ही तिसरी अट नवखे विसरतात आणि टेबलाखाली एक फिकट पट्टा दिसू लागतो. जमीन एकरंगी हवी. जादूगाराला टेबलाच्या बाजूला पुढे येता येत नाही, नाहीतर टेबलाखाली त्याचे पाय दिसतात. आरशावर बोटाचा एक ठसा पुरतो. प्रयोगाआधी शेवटचं काम आरसे पुसण्याचं असतं, तेही कडेला उभं राहून, प्रेक्षकांच्या कोनातून पाहत.

या आरशांना पेटंटने फारसं वाचवलं नाही. एकदा ‘४५ अंशांत आरसा’ कळला की कोणताही सुतार ते बनवू शकतो, आणि कळल्यावर त्यातली गंमतही उरत नाही. काचेतलं भूत आणि आरशाचं कपाट एकाच डोक्यांतून, एकाच काळात निघाले; पण पेटंटच्या दृष्टीने ते दोन वेगळ्या जातींचे आहेत.

टाचेतली खाच

मायकल जॅक्सन ४५ अंशांत पुढे झुकायचा आणि पुन्हा सरळ व्हायचा, ते सगळ्या जगाने पाहिलं आहे. १९८८ च्या ‘स्मूथ क्रिमिनल’ या गाण्याच्या व्हिडिओत ते पट्टे आणि तारांनी केलं होतं. दर कार्यक्रमात तारा बांधणं-सोडणं शक्य नसतं, म्हणून त्याने मायकल बुश आणि डेनिस टॉम्पकिन्स या दोघांबरोबर वेगळे बूट घडवले आणि २६ ऑक्टोबर १९९३ ला अमेरिकेचं ५२५५४५२ क्रमांकाचं पेटंट मिळवलं.

बुटाच्या टाचेत खालून एक खाच असते, एका टोकाला रुंद आणि दुसरीकडे अरुंद होत गेलेली. ठरलेल्या क्षणी रंगमंचातून एक खुंटी वर येते. तिचं डोकं दांड्यापेक्षा रुंद असतं. नाचणारा टाच तिच्यावर आणतो, पाय पुढे सरकवतो, आणि खुंटीचं डोकं खाचेच्या अरुंद भागात अडकतं. मग झुकायचं. सरळ झाल्यावर पाय मागे घेतला की सुटका, आणि खुंटी पुन्हा जमिनीत. घोट्याला आधार म्हणून बुटाची वरची बाजू ताठ केलेली असते.

खुंटीवर किती जोर येतो याचा ढोबळ हिशेब करता येतो. ७० किलोचा माणूस, शरीराचा तोलबिंदू तळव्यापासून साधारण एक मीटरवर. ४५ अंशांत तो टाचेच्या सुमारे ७० सेंटीमीटर पुढे जातो. शरीर टेकतं चवड्यावर, म्हणजे टाचेच्या २० सेंटीमीटर पुढे. तर वजनाचा दांडा ५० सेंटीमीटर आणि टाचेचा २०. टाचांवर वरच्या दिशेने सुमारे १७५ किलोची ओढ बसते, प्रत्येक टाचेवर ८७ च्या आसपास. दर झुकण्याला प्रत्येक टाच पूर्ण शरीराच्या वजनापेक्षा जास्त जोराने उचकटली जाते. म्हणून या रचनेत सगळ्यात आधी झिजतो तो टाच आणि तळव्याचा जोड, आणि प्रत्येक कार्यक्रमाआधी तपासायचा असतो तोही तोच.

बूट मिळाले म्हणजे झुकता येतं असं मात्र नाही. चंडीगडच्या पीजीआयएमईआर या वैद्यकीय संस्थेतल्या मेंदूशल्यचिकित्सकांनी २०१८ मध्ये यावर लेख लिहिला. साधा माणूस घोट्यातून सुमारे २० अंश पुढे झुकू शकतो, कमावलेले नर्तक २५ ते ३० अंशांपर्यंत जातात. खुंटीने मदत केली तरी पाठीच्या कण्याच्या स्नायूंवरचा ताण पोटरी आणि टाचेच्या कंडरेवर जातो, आणि तो पेलायला प्रचंड ताकद लागते.

अमेरिकेत पेटंट मिळाल्यावर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी फी भरावी लागते. तिसरी फी भरली गेली नाही आणि २००५ मध्ये हे पेटंट निकालात निघालं. आज ही खाच-खुंटी कोणीही वापरू शकतं. त्या झुकण्याचा प्रभाव अजूनही तसाच आहे, कारण तो गुपितावर कधी टेकलेलाच नव्हता.

न दिसणाऱ्या तारा

अमेरिकन जादूगार डेव्हिड कॉपरफिल्ड १९९० च्या दशकात रंगमंचावर उडायचा, गिरक्या घ्यायचा. त्यामागचं यंत्र जॉन गॉन यांचं, अमेरिकेचं पेटंट ५३५४२३८, वर्ष १९९४.

एका जाड दोराऐवजी इथे दोन पंख्यांच्या आकारात मांडलेल्या कितीतरी बारीक तारा आहेत. तार जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची, आणि एकेक साधारण १० किलो पेलणारी. ७० किलोच्या माणसाला कागदावर सात तारा पुरतात. पण उडणारा माणूस स्थिर नसतो. झोका घेताना आणि थांबताना भार वाढतो. शिवाय सगळ्या तारा सारखा भार उचलत नाहीत. एखादी किंचित आखूड पडली तर ती आपल्या वाट्यापेक्षा जास्त ओढ घेते आणि आधी तुटते. मग तिचा भार शेजारणीवर. त्यामुळे तारा गरजेपेक्षा बऱ्याच जास्त ठेवतात, आणि वरचं संगणकाने चालणारं यंत्र प्रत्येक तारेचा ताण सांभाळतं.

तारा कमरेला, दोन्ही बाजूंना, शरीराच्या तोलबिंदूजवळ जोडलेल्या असतात. छातीला जोडल्या तर माणूस लोंबकळतो, मांडीला जोडल्या तर उलटा होतो. तोलबिंदूशी जोडल्यामुळेच त्याला हवेत आडवं होता येतं, गिरकी घेता येते.

पाव मिलिमीटरची तार दिसत कशी नाही? १५ मीटरवरून माणसाच्या डोळ्याला साधारण चार-साडेचार मिलिमीटर अंतरावरचे दोन ठिपके जेमतेम वेगळे दिसतात. त्या मानाने तार फार बारीक आहे. पण सरळ रेघ ओळखण्यात डोळा विलक्षण तरबेज असतो; उजळ पार्श्वभूमीवर काळी तार तो त्याहून किती तरी बारीक असली तरी पकडतो. म्हणून नुसती बारीक तार पुरत नाही. मागे विस्कळीत पोताचा पडदा लागतो, तारेवर थेट दिवा पडू द्यायचा नसतो, आणि दोन तारा एकमेकींमागे येऊन जाड रेघ तयार होऊ द्यायची नसते. या शेवटच्या गोष्टीसाठी पंखे कायम प्रेक्षकांच्या नजरेला काटकोनात राहतील अशी वरची यंत्रणा फिरते. पेटंटचा खरा जीव या फिरण्यात आहे. हा कागद वाचून असं यंत्र घरी करून पाहण्याचा विचारही करू नये. माणूस टांगायच्या यंत्रणेला प्रशिक्षित रिगर, म्हणजे दोर-तारांनी भार टांगणारा तंत्रज्ञ, आणि भाराची चाचणी लागतेच.

करवत, आणि न्यायालयातला पराभव

१७ जानेवारी १९२१ ला पी. टी. सेल्बिट यांनी लंडनच्या फिन्सबरी पार्क एम्पायरमध्ये पेटीतल्या स्त्रीला करवतीने कापून दाखवलं. त्यांची पेटी पूर्ण बंद होती. त्याच वर्षी अमेरिकेत होरेस गोल्डिन यांनी डोकं आणि पाय बाहेर दिसतील अशी पेटी आणली; प्रेक्षकांवर तिचा परिणाम कितीतरी जास्त झाला. १९२३ मध्ये त्यांना १४५८५७५ क्रमांकाचं पेटंट मिळालं.

नकला करणाऱ्यांवर वचक बसला, पण एक भगदाड उघडं राहिलं. १९३३ मध्ये आर. जे. रेनॉल्ड्स या तंबाखू कंपनीने आपल्या कॅमल सिगारेटच्या जाहिरातींत जादूचे प्रयोग कसे होतात ते चित्रांसह छापायला सुरुवात केली. त्यांत हाही होता. गोल्डिन न्यायालयात गेले. १९३८ मध्ये त्यांचा दावा फेटाळला गेला. कंपनीने यंत्र बनवलं नव्हतं, वापरलं नव्हतं. फक्त सांगितलं होतं. आणि जी गोष्ट शोधकाने स्वतःच पेटंटच्या कागदात जगासमोर ठेवली, ती गुपित म्हणून जपायचा हक्क त्याला उरत नाही.

पेटंट यंत्राची नक्कल अडवतं, त्याची चर्चा अडवत नाही. करवतीच्या प्रयोगात मात्र चर्चा हीच खरी चोरी होती. गोल्डिन यांनी पुढे उघड्यावर, फिरत्या चक्री करवतीने कापण्याचा प्रयोग बसवला, तेव्हा त्याचं पेटंट घेतलं नाही.

नाटक म्हणून नोंद

बंधनांतून सुटून दाखवणाऱ्या हुडिनी या जादूगाराने या पेचातून फार चतुर मार्ग काढला. पाण्याने भरलेल्या काचेच्या पेटीत उलटं टांगून घेण्याच्या प्रयोगाचं पेटंट त्याने घेतलं नाही. १९११ मध्ये इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनला त्याने तो एका अंकाचं नाटक म्हणून, पैसे भरून आलेल्या एकाच प्रेक्षकासमोर सादर केला आणि नाटक म्हणून त्याचे हक्क नोंदवले. जाहीर प्रयोग १९१२ मध्ये बर्लिनला झाला. सुटकेची रीत कुठेही छापावी लागली नाही. हुडिनीकडे पेटंट होतं ते १९२१ चं, पाणबुड्याला संकटात झटकन उतरवता येईल अशा पोशाखाचं. तिथे उघड करण्यात काहीच तोटा नव्हता.

हाच मार्ग टेलर या जादूगाराने पुढे नेला. फुलदाणीतल्या गुलाबाची सावली पडद्यावर पडलेली असते; तो सावलीला सुरीने कापतो आणि खऱ्या फुलाच्या पाकळ्या गळतात. १९८३ मध्ये त्याने हे मूकनाट्य म्हणून अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात नोंदवलं होतं. एका युरोपीय कलाकाराने तशाच प्रयोगाची रीत विकायला काढली, तेव्हा नेवाडातल्या केंद्रीय न्यायालयाने २०१४ मध्ये टेलरच्या बाजूने निकाल दिला. ‘माझी रीत वेगळी आहे’ हा बचाव टिकला नाही. कॉपीराइट प्रेक्षकाला जे दिसतं त्याचं रक्षण करतो. आत कसं होतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. याची दुसरी बाजूही तितकीच खरी: नुसती युक्ती, तिच्याभोवती प्रसंग आणि हालचालींची आखणी नसेल, तर कॉपीराइटखाली येत नाही.

अर्ज करणाऱ्यासाठी आणि वाचणाऱ्यासाठी

स्वतःचं यंत्र असेल तर पहिला प्रश्न असा विचारावा: प्रेक्षकाला रीत कळली तरी प्रयोग चालेल का? चालत असेल, आणि नक्कल करायला पैसा व कारागिरी लागत असेल, तर पेटंट शोभतं. कळल्यावर प्रयोग मरत असेल, तर गुपित ठेवा, सहकाऱ्यांशी लेखी करार करा आणि सादरीकरणाची नाटक म्हणून नोंद करा.

पेटंट घ्यायचं ठरलं तर जाहीर प्रयोगाच्या आधी अर्ज करा. अमेरिकेत जाहीर केल्यावर एक वर्षाची सवलत आहे, बऱ्याच देशांत ती नाही किंवा फार मर्यादित आहे. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, मंजूर झालेला असो वा नसो. मन बदललं तर त्याआधी आणि प्रसिद्धीची तयारी सुरू व्हायच्या आधी तो मागे घ्यावा लागतो. नंतर गुपितही गेलं आणि हक्कही मिळेलच असं नाही.

जुनी पेटंट शोधताना नावावर जाऊ नका. ‘रंगमंचावरील उपकरण’ अशा बेचव शीर्षकाखाली कमालीच्या गोष्टी असतात. नील बर्जेस यांनी १८८९ मध्ये घेतलेलं, घोड्यांची शर्यत रंगमंचावर जागच्या जागी धावती ठेवणाऱ्या फिरत्या पट्ट्यांचं पेटंट याच थाटाचं आहे. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ए६३जे हा गट पाहा. त्यात ५ खाली रंगमंचावरचे विशेष परिणाम आणि २१ खाली जादूची उपकरणं मिळतात. कागद उघडल्यावर आधी आकृत्या पाहा, मग थेट शेवटी जाऊन पहिला दावा वाचा. हक्क फक्त दाव्यांपुरता असतो. वर्णनात शंभर गोष्टी असतील, पण दाव्यात नसलेल्यांवर मालकी नाही. पेटंट जिवंत आहे का हे फी भरल्याच्या नोंदीवरून तपासा, आणि मूळ संपलं असलं तरी त्यातल्या सुधारणेचं नवं पेटंट चालू असू शकतं, जसं फिल्मच्या चौकटीचं. आकृतीवर पट्टी ठेवून मापं मात्र घेऊ नका. पेटंटमधल्या आकृत्या प्रमाणात काढलेल्या असतीलच असं नाही, आणि दिवा किती, मखमल कुठली, आरसा कोणत्या कोनातून पुसायचा, हे त्यांत क्वचितच लिहिलेलं असतं.